हलके मशीन, जड वायर

"हात बसला न्हाई अजून तुझा," असे तात्या म्हणाले, आणि त्या वेल्डर पोराने त्यावर काही न बोलता चिकटलेला रॉड मनगटाला हिसका देऊन सोडवला. ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीची दांडी मुळाशी तडकली होती, कारखान्याचा हंगाम तोंडावर आला होता आणि ट्रॉली उभी होती ती वस्तीपासून बरीच आत, पाटाच्या कडेला. वेल्डर मोटारसायकलवरून आला होता. खांद्याला पट्ट्याने अडकवलेले जेमतेम पाच किलोंचे मशीन, पिशवीत रॉडचे पुडके, चिपिंगचा हातोडा, ग्राइंडर आणि हातात धरायची काच, एवढाच त्याचा पसारा होता. विजेची वायर तात्यांनी घरातून काढून दिली होती. दारातल्या बोर्डापासून ती उसाच्या सरीतून ट्रॉलीपर्यंत ओढली होती आणि उरलेले वेटोळे मशीनशेजारी गवतात पडले होते. रॉड टेकवला की निळसर ज्योत उठे, क्षणभर धरे आणि फडफडून विझे. पुन्हा टेकवला की रॉड चिकटे आणि मशीनवरचा आकडा लुकलुके. दांडीवर सलग टाका उमटण्याऐवजी सुटे सुटे गोळे बसत होते आणि हातोड्याच्या टोकाने ते सहज उडून जात होते.

तात्या माझे चुलते. त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. लोखंडाच्या कामाबद्दल आमच्या भागात जो तो जे बोलतो, तेच ते बोलले होते. मला खटकले ते त्या पोराचे गप्प राहणे. त्याच्या हालचालींकडे थोडा वेळ पाहिले असते तर कोणालाही कळले असते की त्याचा हात चांगला बसलेला आहे. रॉडचा कोन बरोबर होता, कोपर गुडघ्यावर टेकवून त्याने हाताला आधार दिला होता, आणि ज्योत जेवढा वेळ टिके तेवढ्या वेळात पुढे सरकण्याची गतीही सारखी होती. बिघाड कुठे आहे याचा अंदाज त्याला असावा, असे मला तेव्हाही वाटत होते. पण वायर गिऱ्हाईकाची होती, गिऱ्हाईक वयाने मोठे होते, आणि "तात्या, तुमची वायर बारीक आहे" असे म्हणण्यापेक्षा स्वतःच्या हाताला नाव ठेवून घेणे त्याला सोपे गेले असावे. खेड्यातल्या वेल्डरच्या कामात विजेइतकाच हा संकोचही वाहत असतो, आणि तो कुठल्याही मीटरवर दिसत नाही.

आमच्याकडे दोष देण्याचा एक ठरलेला क्रम आहे. ज्योत धरत नसेल तर आधी हात वाईट, मग रॉड सर्दावलेला, मग मशीन चायनाचे. वायरीपर्यंत कोणी पोहोचतच नाही, कारण वायर म्हणजे नुसती वाट, तिच्यात बिघडण्यासारखे काय असणार, असे सगळ्यांनीच मनाशी धरलेले असते. मी आयुष्यभर कारखान्यांत विजेच्या देखभालीचे काम केले आहे आणि माझा अनुभव अगदी उलटा आहे. एखादे यंत्र कमी ताकदीने चालत असेल, पण पूर्ण बंद पडलेले नसेल, तर मी त्या यंत्राचे झाकण सर्वांत शेवटी उघडतो.

वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, वेल्डिंगचे दुकान होते. त्यात तेलातले मशीन होते: चाकांवर बसवलेली लोखंडी पेटी, आत तांब्याच्या वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर, गार राहण्यासाठी भरलेले तेल, आणि करंट कमीजास्त करायला वर फिरवायचा दांडा. ते दोन फेजवर चाले, म्हणजे त्याला ४१५ व्होल्टच्या आसपासची वीज लागे. त्याला हलवायला दोन माणसे लागत, आणि म्हणून ते कोणी हलवतही नसे. भिंतीवरच्या कटआउटपासून त्याच्यापर्यंत हातभर लांबीची जाड वायर होती आणि ती वर्षानुवर्षे तशीच होती. नांगराचा फाळ असो, गाडीचा साटा असो की देवळाचे फाटक असो, काम मशीनकडे येई. सुरू केल्यावर त्या पेटीची जी घुमघुम चाले ती आमच्या घराच्या मागच्या खोलीपर्यंत पोहोचे, आणि गरम तेलाचा, जळक्या रंगाचा, स्लॅगचा म्हणजे टाक्यावर साचणाऱ्या मळीचा मिळून एक वास आप्पांच्या शर्टाला कायम असे. त्या मशीनचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. ते वीज भरमसाट खाई, पन्नास हर्ट्झच्या प्रवाहामुळे त्याची ज्योत सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाई, आणि नवशिक्याला तिच्यावर हात बसवायला खरोखरच महिनोन् महिने लागत. पण त्याच्या जडपणात एक शिस्त दडलेली होती. ज्या जागी पुरेशी वीज आहे, त्या जागेपासून ते दूर जाऊच शकत नव्हते.

आप्पा ज्योतीची परीक्षा कानाने करत. दुकानात दुसरा कारागीर काम करत असताना ते पाठ फिरवून हिशेब लिहीत बसलेले असत आणि मध्येच मान वर न करता म्हणत, "लांब धरतोयस." चांगल्या ज्योतीचा आवाज तव्यावर थालीपीठाच्या कडेने तेल सोडल्यावर उठणाऱ्या चुरचुरीसारखा सलग असतो. रॉड जॉबपासून, म्हणजे जोडायच्या लोखंडापासून, दूर गेला की तो आवाज पोकळ आणि फुसफुसणारा होतो, करंट कमी असेल तर तुटक होतो, आणि रॉडमध्ये ओल असेल तर त्यात फटफट मिसळते. ज्योतीची लांबी रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीएवढीच असावी, हा नियम त्यांनी कधी शब्दांत सांगितला नाही. त्यांनी फक्त चुकीच्या आवाजाला नाव ठेवले. पुढे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ज्योतीची लांबी वाढली की तिच्यावरचे व्होल्टेज वाढते हे शिकलो, तेव्हा त्यात मला नवीन असे काही वाटले नाही.

विजेच्या ज्योतीचे ऐकणे हा केवळ कारागिरांचा नाद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रस्त्यांवर कार्बनच्या कांड्यांमधल्या ज्योतीचे दिवे जळत, आणि ते मध्येच फुसफुसत, लुकलुकत. हर्था एअर्टन यांनी नेमका हाच बिघाड अभ्यासाला घेतला. करंट एका मर्यादेपलीकडे गेला की कार्बनच्या टोकावरचा तापलेला खळगा पसरतो, त्याला हवेतला ऑक्सिजन भिडतो आणि त्यातून तो आवाज उठतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. १८९९ साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी यावरचा निबंध स्वतः वाचला. तिथे स्वतःचा निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. १९०२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पण त्या विवाहित स्त्री असल्याने ते नाकारले गेले, आणि त्याच सोसायटीने १९०६ मध्ये त्यांना ह्यूज पदक दिले. आप्पांना यातले काहीच माहीत नव्हते. तरीही ज्योत बिघडली की तिचा आवाज आधी बिघडतो, हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

त्या दिवशी पाटाच्या कडेला मला जो आवाज ऐकू येत होता, तो उपाशी ज्योतीचा होता.

नवे मशीन इतके हलके कसे झाले, हे समजून घेतल्याशिवाय ही उपासमार कळत नाही. जुन्या मशीनचे वजन त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये होते, आणि तो मोठा असणे भाग होते, कारण वीज पन्नास हर्ट्झची होती. हे नवे इन्व्हर्टर मशीन आधी आलेल्या विजेचे डीसी करून घेते, मग ती डीसी सेकंदाला हजारो वेळा चालूबंद करते आणि मगच ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडते. ही वारंवारता जितकी जास्त, तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, आणि म्हणून जे काम दोन माणसांच्या ओझ्याने होत असे ते आता खांद्याच्या पिशवीत मावते. वर ज्योत डीसीची, म्हणजे सलग. शिवाय रॉड चिकटू लागला तर करंट आवरून धरणारी आणि सुरुवातीला थोडा जादा देणारी युक्ती आतच बसवलेली. हा शोध मला मनापासून आवडतो. खेड्यापाड्यांत शेकडो पोरांना या मशीनने स्वतःचा धंदा दिला आहे. आप्पांच्या काळात दुकान टाकायला गाळा, दोन फेजची जोडणी आणि ते अवजड धूड लागे, आता मोटारसायकल पुरते. पण ज्योतीला लागणारी ताकद काही कमी झालेली नाही. दहा नंबरचा रॉड, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, साधारण ११० अँपिअरवर नीट चालतो, त्या वेळी ज्योतीवर चोवीसेक व्होल्ट असतात, आणि तेवढी ताकद देण्यासाठी असले साधे मशीन सिंगल फेजच्या बोर्डातून वीस अँपिअरच्या आसपास ओढते. हे वीस अँपिअर जुन्या दुकानात हातभर लांबीच्या जाड वायरीतून येत. पाटाच्या कडेला ते साठेक मीटर लांब, दीड स्क्वेअरच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या, बारीक वायरीतून यायचे होते.

गाडीत माझा मीटर असतोच. मी बोर्डावर मोजले तेव्हा २१२ व्होल्ट होते. मशीनच्या प्लगपाशी मोजले तर २११. तात्यांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले, आणि त्यांचे बरोबरच होते. आकडा तर तसेच सांगत होता. बिघाड शोधणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. वायरीतून करंट वाहत नसेल तर तिच्यात व्होल्टेज पडतच नाही, त्यामुळे केसाएवढ्या वायरीच्या टोकालाही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मी मीटर तसाच लावून ठेवला आणि पोराला रॉड टेकवायला सांगितले. ज्योत उठली आणि आकडा १७६ वर आला. ती फडफडली तसा तोही वरखाली होत राहिला, आणि ती विझताच पुन्हा २११ वर जाऊन उभा राहिला. पोराने काच खाली घेऊन मीटरकडे पाहिले आणि पहिल्यांदाच बोलला, "वायर खातीया सगळं." हे तो माझ्याकडे पाहून म्हणाला, तात्यांकडे पाहून नव्हे.

हिशेब अगदी साधा आहे. दीड स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. साठ मीटर जायचे आणि साठ मीटर यायचे, म्हणजे १२० मीटर, म्हणजे जवळपास दीड ओहम. वीस अँपिअरला तिच्यात २९ व्होल्ट जातात. खांबावरून घरापर्यंत आलेल्या सर्व्हिस वायरीत आणखी काही जातात, आणि अशी बेरीज होत मशीनच्या तोंडाशी पावणेदोनशेच उरतात. इन्व्हर्टरचा एक स्वभाव इथे आणखी घात करतो. बाहेर मागितलेला करंट टिकवण्यासाठी, आत येणारे व्होल्टेज कमी झाले की ते जास्त करंट ओढते. जास्त करंट ओढला की वायरीत आणखी व्होल्टेज पडते. आणि हे चक्र फिरत फिरत अशा ठिकाणी पोहोचते की मशीन हात टेकते. जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन निदान मुकाट्याने मंद होत असे. त्यातही आपल्याकडे बाजारात स्वस्त म्हणून मिळणारी बरीच वायर तांब्याची नसतेच. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढरेपणा दिसतो. अशा वायरीचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. वेटोळ्याबद्दलही एक समज ऐकू येतो, की गुंडाळलेल्या वायरीचा चोक होतो आणि तो करंट अडवतो. दोन पदरी वायरीत जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचा परिणाम खोडून काढतात, त्यामुळे तसे फारसे काही होत नाही. पण वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि तांबे दर अंशाला साधारण ०.४ टक्के अधिक रोध दाखवू लागते. पन्नास अंशांनी तापलेली वायर एक पंचमांश अधिक खाते. गवतातल्या त्या वेटोळ्याला मी हात लावला तेव्हा त्याचे प्लास्टिक मऊ झाले होते.

मग योग्य वायर कोणती? सहा स्क्वेअरची वापरली असती तर तेवढ्याच अंतरावर आठेक व्होल्ट गेले असते, आणि ज्योत सुखाने धरली असती. पण साठ मीटर लांबीच्या, अर्थिंगसह तीन पदरी सहा स्क्वेअर वायरीत नुसते तांबेच साडेनऊ किलोंच्या वर भरते. वरच्या आवरणासकट ते बाड मशीनच्या तिप्पट जड होते, आणि किंमतही मशीनला मागे टाकते. मशीन बोर्डाजवळ ठेवून होल्डरच्या केबली लांब कराव्यात म्हटले, तर त्या शंभर-सव्वाशे अँपिअर वाहणार, म्हणून त्या आणखी जाड लागतात. कोणत्याही बाजूने गेलो तरी आप्पांच्या पेटीतून काढून टाकलेले तांबे कुठे ना कुठे पुन्हा विकत घ्यावे लागते. खोक्यावर खांद्याला मशीन लावलेल्या हसऱ्या माणसाचे चित्र असते. त्याच्या दुसऱ्या खांद्यावर हे बाड दाखवलेले मी तरी अजून पाहिलेले नाही.

वायर सापडली म्हणून तपास तिथेच थांबवता येत नाही, कारण उपाशी ज्योतीला आणखी कोण लुबाडत आहे हे पाहावे लागते. अर्थिंगचा चिमटा पोराने ट्रॉलीच्या चाकाजवळ लावला होता, कारण केबल तिथपर्यंतच पोहोचत होती. दांडीकडून मशीनकडे परतणारा करंट तिथे चाकाच्या बेअरिंगमधून, गंजलेल्या बोल्टांमधून आणि रेड ऑक्साईडच्या थरांवरून वाट काढत होता. लोकांचे सगळे लक्ष होल्डरच्या टोकाकडे असते. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो, ही गोष्ट चिमट्याच्या वाट्याला आलेल्या दुर्लक्षात विसरली जाते. शिवाय बेअरिंगमधून असा करंट गेला की गोळ्यांवर आणि त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात, आणि महिन्याभराने चाक घरघरू लागते तेव्हा त्याचा संबंध कोणी वेल्डिंगशी जोडत नाही. पोराने दांडीवरच, तड्यापासून वीतभर अंतरावर, ग्राइंडरने रंग काढून लोखंड पांढरे केले आणि चिमटा तिथे आणला. आप्पा काम झाल्यावर मशीन बंद करून होल्डरपासून चिमट्यापर्यंत केबलीवरून तळवा फिरवत. जिथे गरम लागेल तिथे केबलीच्या टोकाचा लग ढिला किंवा आतल्या तारा तुटलेल्या. एका सांध्यात ओहमचा पन्नासावा हिस्सा जरी रोध असला तरी ११० अँपिअरला तिथे २४० वॉट जळतात, आणि तळव्याला ते लगेच कळते. याहून स्वस्त तपासणी मला इतक्या वर्षांत सापडलेली नाही.

रॉडचे पुडके फाटलेले होते आणि त्यात पावसाळ्याची ओल होती. ६०१३ या जातीचा रॉड ओल बऱ्यापैकी सोसतो, शंभर-सव्वाशे अंशांवर तासभर शेकला तर सुधारतोही. ७०१८ मात्र सोसत नाही, त्याला तीनशेच्या वर शेकावे लागते, नाहीतर टाका वरून देखणा दिसतो आणि आत हायड्रोजनमुळे तडे धरतो. आप्पांनी पत्र्याच्या पेटीत शंभर वॉटचा बल्ब लावून त्याच्या उबेत रॉड ठेवायची सोय केली होती, आणि एलईडीचे दिवे आल्यावर अशा पेट्या निरुपयोगी झाल्या, हे प्रगतीचे एक विनोदी बाळंतपण म्हणावे लागेल. प्लस-मायनसची अदलाबदल, जाड प्लेटच्या कोपऱ्यात डीसीची ज्योत चुंबकीय ओढीने एकीकडे वाकणे, हे दोषही असतात. त्या दुसऱ्याला चिमट्याची जागा बदलणे आणि ज्योत आखूड धरणे हा पहिला उपाय आहे. जुन्या एसी मशीनला हे दुखणे जवळजवळ नव्हते. मशीनच्या पोटात शिरायचे ते यानंतर. शेजारीच ग्राइंडर चालवला की मशीनचा पंखा लोखंडाचा कीस आत ओढतो आणि तो सर्किटवर बसतो. तो कोरड्या हवेने उडवावा, पण प्लग काढून आणि काही मिनिटे थांबून, कारण आतल्या कपॅसिटरांत सव्वातीनशे व्होल्टपर्यंतची डीसी साठलेली असते. मशीन तापून पिवळा दिवा लागणे हा तर बिघाडच नव्हे. दहा मिनिटांत किती मिनिटे चालायचे याची प्रत्येक मशीनची मर्यादा असते, आणि मशीनच्या नावात दोनशेचा आकडा असला तरी तेवढ्या करंटवर ते किती वेळ टिकेल हे मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती त्या पोराच्या डोळ्यांची काळजी. चांगली ज्योत धरली की काच डोळ्यांपुढे येते ती रॉड संपेपर्यंत तिथेच राहते. वाईट ज्योत दर दोन-तीन सेकंदांनी विझते. काच खाली घ्यायची, रॉड सोडवायचा, जागा पाहायची, पुन्हा टेकवायचा. आणि एका हातात काच व दुसऱ्या हातात होल्डर असताना कधी ना कधी काच यायच्या आत ज्योत उठते. प्रत्येक चुकार ठिणगीत डोळ्यांवर तीच अतिनील किरणे पडतात. त्या रात्री डोळ्यांत वाळू भरल्याची भावना होते, पाणी वाहते आणि घरात बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवले जातात. हे काप आईने आप्पांच्या डोळ्यांवर ठेवलेले मी लहानपणी पाहिलेले आहेत. बारीक वायरीची किंमत कोणीतरी अशी चुकवत असते, आणि जो वायर विकत घेतो तो आणि जो ही किंमत चुकवतो तो, ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात.

दुसरी काळजी ट्रॉलीच्या दांडीची होती. फाटकाच्या बिजागरीचा टाका सुटला तर फाटक लोंबकळते. उसाने भरलेल्या ट्रॉलीची दांडी रस्त्यावर सुटली तर काय होते, हे हंगामात आमच्या भागातल्या रस्त्यांवरून दुचाकी चालवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. उपाशी ज्योतीचा धोका असा, की हट्टाने, चिकाटीने, एकावर एक थर देत गेले तर शेवटी टाका दिसायला भरलेला दिसतो. धातू वर साचतो, मुळाशी मिळत नाही. वर ग्राइंडर फिरवून लाल रंग मारला की चांगला आणि वाईट टाका डोळ्यांना सारखाच. तात्यांना घाई होती, पोराला पैसे हवे होते, आणि मी नसतो तर ते दोघे मिळून दांडी भरून मोकळे झाले असते, यात मला शंका वाटत नाही.

उपाय पोरानेच सुचवला. दहा नंबरचा रॉड बाजूला ठेवून त्याने बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा, घेतला आणि करंट पंच्याहत्तरवर आणला. मशीनची ओढ तेरा-चौदा अँपिअरवर आली, मीटर १९० च्या आसपास थांबला आणि ज्योत धरली. वेटोळे त्याने आधीच सोडवून बांधावर पसरले होते. त्या बारीक रॉडने त्याने दांडी रिकामी ट्रॉली ओढण्यापुरती टाचून घेतली, तात्यांनी ट्रॅक्टर लावून ती हळूहळू अंगणात आणली, आणि तिथे, बोर्डापासून चार पावलांवर, त्याने आधीचे सगळे टाके ग्राइंडरने काढून टाकले, तड्याच्या दोन्ही कडा तासून खोबण केली आणि दहा नंबरने मुळापासून भरायला घेतले. आता ती चुरचुर सलग येत होती. पहिल्या थरावरची स्लॅग हातोडा न लावताच स्वतःहून सुटून वर वळली, आणि खाली एकसारखे, दाट खवले दिसले. तात्या बराच वेळ पाहत उभे होते. हाताबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आत हाक मारून आणखी एक चहा सांगितला.

नंतर कधीतरी तालुक्याच्या बाजारात तोच पोरगा मला वायरीच्या दुकानात भेटला. किती स्क्वेअरची घ्यावी असे त्याने विचारले. मी सहा म्हटल्यावर त्याने दुकानदाराला साठ मीटरचा भाव विचारला, मनातल्या मनात काही हिशेब केला आणि मान हलवली. मग चार स्क्वेअरची, तीस मीटर, तीन पदरी, ब्लेडने खरवडून पाहून घेतली. त्या लांबीला तिच्यात सहाच व्होल्ट जातात. निवड उत्तम होती. पण त्याहून दूरचे काम आले तर, असे मी विचारले. तो म्हणाला, "मग गिऱ्हाईकानं ट्रॉली म्होरं आणायची, दादा. वायर आता माझी हाय."

स्वतःची वायर असली तरी बोर्डावरचे २१२ व्होल्ट त्याच्या हातात नाहीत. शेतीच्या फीडरवर तीन फेजच्या विजेची पाळी सुरू झाली की एकेका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी ऑटो स्विचमुळे एकदमच उठतात, आणि शेजारच्या वस्तीवरच्या बोर्डातले व्होल्टेज पाहता पाहता खाली येते. तेव्हा सहा काय आणि दहा स्क्वेअर काय, खांबावरच कमी असलेली वीज कोणतीही वायर वाढवून देत नाही. छोटा जनरेटर आणावा तर तोही पाचेक केव्हीएच्या खालचा असला की ज्योत उठताच गुरगुरून बसतो. त्यामुळे हंगामाच्या आधीचे ते पंधरा-वीस दिवस आमच्याकडचे वेल्डर पाळीचे वेळापत्रक पाठ करून असतात. मोटारी बंद आणि गाव झोपलेले असते ती वेळ त्यांना सर्वांत चांगली मिळते, आणि पहाटे साडेचारला कोणाच्या तरी अंगणात ग्राइंडर किंचाळू लागला तरी कोणी तक्रार करत नाही. उलट ज्याची ट्रॉली अजून व्हायची आहे तो अंथरुणातूनच ओरडून आपला नंबर कधी लागणार ते विचारून घेतो.